दर्शनी भिंती, छपरं आणि कबुतरखाना

मागच्या अंकात मी फ्रान्समधल्या त्युरेन भागातल्या एका शातोबद्दल लिहिलं होतं. लोआर नदीच्या दक्षिणेला, गव्हाच्या शेतांत उभी असलेली ही जुनी इस्टेट. राहतं घर, दोन बुरूज, कोरडा खंदक, कबुतरखाना, तबेला आणि धान्याचं एक मोठं कोठार, एवढा तिचा पसारा. दगड आणि चुना हे माझं काम. बावीस वर्षं मी याच भागातल्या जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर आहे आणि त्यातली शेवटची नऊ बरीचशी या एकाच इस्टेटीवर गेली. मालक खासगी कुटुंब आहे, म्हणून गावाचं नाव देत नाही. लेखावर बरीच पत्रं आली, त्यातल्या काहींना इथे उत्तरं देते.

प्रश्न: ताई, शातो म्हणजे नक्की काय? किल्ला, वाडा की राजवाडा? तुमच्या लेखात एकीकडे बुरूज नि खंदक आहे, दुसरीकडे फुलांची बाग. तिथे कधी लढाई झाली होती का?

फ्रेंच माणसाला हा प्रश्न पडत नाही, कारण त्याच्याकडे शब्दच एक आहे. तटबंदीचा किल्ला तो शातो आणि व्हर्सायचा राजवाडा तोही शातोच. अगदीच फोड करायची झाली तर लढाऊ किल्ल्याला ‘शातो-फोर’ म्हणतात. खेड्यातला शातो बहुतेक वेळा दोन्ही असतो, कारण प्रत्येक पिढीने आधीच्या बांधकामावर आपला हात फिरवलेला असतो.

आमच्या उत्तरेकडच्या बुरुजात कमरेच्या उंचीवर जंग्या आहेत. खाली वाटीएवढं गोल भोक, त्याच्या वर वीतभर उभी चीर. भोकातून लहान तोफेची नळी काढायची, चिरेतून नेम धरायचा. पंधराव्या शतकात दारूगोळा असा गावोगाव पोचला होता. त्याच भिंतीवर पाच हात वर बघा, तिथे दगडी चौकटीची मोठी खिडकी आहे, मधे क्रुसासारख्या आडव्या-उभ्या दगडी पट्ट्या. एवढी खिडकी जो काढतो त्याला हल्ल्याची भीती उरलेली नसते. इंग्लंडशी चाललेलं शंभर वर्षांचं युद्ध १४५३ मध्ये संपलं, राजे लोआरच्या काठाने राहू लागले आणि त्यांचं पाहून आसपासच्या जमीनदारांनी आपापल्या तटांत उजेड घेतला. पुढे १६२६ मध्ये, रिशल्यू हा राजाचा मुख्य मंत्री असताना, सरहद्दीवर नसलेल्या तटबंद्या पाडण्याचं फर्मान निघालं. आमचा तट गेला, खंदक राहिला.

लढाई मात्र कागदोपत्री कुठे सापडत नाही. सगळ्यात मोठं संकट आलं ते १७८९ च्या उन्हाळ्यात, फ्रेंच राज्यक्रांती सुरू झाली तेव्हा. त्या जुलै-ऑगस्टमध्ये कित्येक प्रांतांत अफवा उठल्या, शेतकरी शातोंवर चालून गेले, आणि अनेक ठिकाणी त्यांनी आधी मागितलं ते दप्तर. कोणी किती सारा भरायचा, कोणी कोणाच्या चक्कीवर दळायचं, कोणाच्या भट्टीत पाव भाजायचा, याच्या वह्या. त्या अंगणात ढीग घालून जाळल्या. वही जळली की हक्काचा पुरावा जळला. मला त्या शेतकऱ्यांचा राग येत नाही, त्यांच्या जागी मीही काडी लावली असती. पण एखाद्या इस्टेटीचा इतिहास शोधत मागे जाताना १७८९ पाशी अशी पोकळी लागते, तेव्हा जीव हळहळतो.

नंतर देश सोडून गेलेल्या सरदारांच्या मालमत्ता सरकारने जप्त करून विकल्या. घेणाऱ्यांनी कित्येक शातो दगड, लोखंड आणि शिशासाठी मोडीत काढले. याच काळातल्या नासधुशीबद्दल बोलताना क्रांतीच्या बाजूचे धर्मगुरू आब्बे ग्रेगवार यांनी १७९४ मध्ये ‘व्हँडॅलिझम’ हा शब्द रुळवला. आमच्या शातोची मालकीण गाव सोडून गेली नाही. घर उभं राहिलं ते त्यामुळे.

प्रश्न: फोटोत कबुतरखाना जवळजवळ राहत्या घराएवढा उंच दिसतो. एवढी कबुतरं खरंच लागत होती का?

या पत्राने मला फार आनंद झाला, कारण पाहुणे सहसा कबुतरखान्याकडे बघतही नाहीत.

त्याचं दार माझ्या खांद्याएवढं आहे. वाकून आत गेलं की डोळे सरावायला मिनिटभर लागतं. वर छपराच्या टोकाशी एक झरोका, तेवढाच उजेड. मग गोल भिंतीत पायापासून वळचणीपर्यंत कोनाडेच कोनाडे दिसू लागतात. फ्रेंच त्यांना ‘बुलँ’ म्हणतात. एका कोनाड्यात एक जोडी. मी खडू घेऊन ओळीने मोजले, बाराशेच्या वर भरले. मधोमध ओकचा एक उभा खांब आहे, खाली दगडी उखळीत आणि वर तुळईत बसवलेला. त्याला आडवे हात, आणि हातांना भिंतीपासून टीचभर दूर राहील अशी शिडी. शिडीवर चढून भिंतीला नुसतं बोट टेकवून रेटलं तरी सगळा खांब गोल फिरतो. खाली न उतरता माणूस सगळे कोनाडे तपासायचा, पिल्लं गोळा करायचा. कित्येक दशकं तो खांब फिरला नव्हता. उखळीतली माती खरवडून आम्ही थोडी चरबी घातली आणि तो पहिल्याच रेट्याला आवाज न करता वळला. माझ्याबरोबरचा म्हातारा सुतार टोपी काढून उभा राहिला.

पिल्लांचं मांस ही चैन होती आणि विष्ठा उत्तम खत. भाडेपट्ट्यांतसुद्धा तिचा हिशेब असे. पण मुख्य गोष्ट हक्काची. कितीतरी प्रांतांत मोठा कबुतरखाना बांधायचा मान फक्त जमीनदार-सरदाराचा होता, आणि कोनाड्यांची संख्या त्याच्या जमिनीच्या मापावर ठरे. म्हणजे दुरून कबुतरखाना पाहून मालक किती मोठा ते कळे. ती कबुतरं शेतकऱ्याचं पेरलेलं बी टिपत आणि त्याला त्यांना मारायची मुभा नव्हती. ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री सरंजामी हक्क रद्द झाले, त्याच्या ठरावातलं दुसरंच कलम कबुतरखान्यांबद्दल आहे. पेरणीच्या दिवसांत कबुतरं कोंडून ठेवा, नाहीतर आपल्या शेतात उतरलेलं कबुतर कोणीही मारावं. एवढ्या मोठ्या क्रांतीत कबुतर दुसऱ्या क्रमांकावर कसं, हे त्या बाराशे कोनाड्यांखाली उभं राहिल्यावर समजतं.

प्रश्न: ‘संरक्षित स्मारक’ झालं म्हणजे सरकारने ताब्यात घेतलं का? मालकाला स्वतःच्या घरात खिळाही ठोकता येत नाही असं ऐकलं.

मालकी जशीच्या तशी राहते. फ्रान्समध्ये सुमारे ४५,००० इमारती ‘मोन्युमाँ इस्तोरिक’ म्हणून संरक्षित आहेत आणि त्यातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त खासगी मालकीच्या आहेत. त्यांत लोक राहतात, मुलं वाढतात, द्राक्षं पिकतात.

संरक्षणाच्या पायऱ्या दोन. वरची ‘क्लासमाँ’, खालची ‘अँस्क्रिप्स्यों’, म्हणजे यादीत नोंद. साधारण दोन-तृतीयांश इमारती खालच्या पायरीवर आहेत, आमचा शातोही तिथेच. वरच्या पायरीवरच्या इमारतीत दुरुस्ती असो की बदल, सरकारची परवानगी आधी घ्यावी लागते. खालच्या पायरीवर मालकाने चार महिने आधी कळवायचं, आणि बांधकाम परवाना लागणारं काम असेल तर सांस्कृतिक खात्याच्या प्रादेशिक कचेरीची संमती हवी. या कचेरीला सगळे ‘द्राक’ म्हणतात. नोंद मालकाच्या संमतीशिवायही होऊ शकते. क्लासमाँला संमती विचारतात, पण त्याने नकार दिला तरी सरकार फर्मान काढून ते करू शकतं. कोणी उद्याच बुलडोझर आणणार असेल तर तातडीची तरतूदही आहे, त्या इमारतीला लगेच १२ महिन्यांपुरतं पूर्ण संरक्षण लागू होतं. खिळ्याचं म्हणाल, तर तो कुठे ठोकता यावर आहे.

कारण सगळा खेळ संरक्षणाच्या आदेशातल्या एका ओळीचा. आमच्या आदेशाची प्रत माझ्या कामाच्या वहीत चिकटवलेली असते. त्यात संरक्षित भाग दिले आहेत: ‘दर्शनी भिंती आणि छपरं, पेचदार जिना, कबुतरखाना संपूर्ण.’ संपलं. स्वयंपाकघर त्यात नाही, तिथे खुशाल खिळे ठोका. दिवाणखान्यातली दगडी शेकोटी नाही. तबेला नाही, कोठार नाही. अशा अर्ध्यामुर्ध्या नोंदी फ्रान्सभर आहेत. त्या करणाऱ्यांना मी दोष देत नाही, कारण त्या काळी शातो म्हणजे देखणं घर अशीच समजूत होती. पण इस्टेट ही एक गोष्ट आहे. कोठाराशिवाय घराचं पोट भरत नव्हतं, तबेल्याशिवाय कोणी येत-जात नव्हतं.

ही समजूत रुंदावत कशी गेली ते कायद्यांत दिसतं. १८३० मध्ये गिझो या मंत्र्यांनी ऐतिहासिक स्मारकांसाठी महानिरीक्षकाचं पद निर्माण केलं. १८३४ मध्ये त्यावर लेखक प्रॉस्पेर मेरिमे आले आणि घोडागाडीने देशभर हिंडले. आजही स्मारकांच्या सरकारी नोंदसंचाला मेरिमेंचंच नाव आहे. पहिली यादी १८४० ची, पहिला कायदा १८८७ चा, आणि ज्याच्यावर आजची घडी उभी आहे तो ३१ डिसेंबर १९१३ चा. १८८७ च्या कायद्यात खासगी मालकाच्या संमतीशिवाय संरक्षण लागू करता येत नव्हतं. १९१३ ने ते बदललं. १९४३ मध्ये स्मारकाभोवतीचा ५०० मीटरचा टापूही कायद्याखाली आला. म्हणून आमच्या शेजारच्या शेतकऱ्याला पत्र्याची शेड टाकायची झाली तरी सरकारी वास्तुविशारदाचा होकार लागतो, स्मारकावरून ती दिसत असेल किंवा दोन्ही एका नजरेत येत असतील तर. शेतकरी कुरकुरतात, आणि त्यांचंही खरं आहे. २०१६ च्या कायद्याने सरसकट वर्तुळाऐवजी जागा पाहून हद्द आखायची सोय मोकळी केली. त्याच कायद्याने आणखी एक चांगली गोष्ट केली: घरातल्या जुन्या वस्तूंचा संच एकत्र आणि जागच्या जागी ठेवायचं बंधन मालकाच्या संमतीने घालता येतं. घर तसंच आणि आतलं सगळं लिलावात, हे फार ठिकाणी झालंय.

प्रश्न: मी बांधकाम क्षेत्रात आहे. तुम्ही सिमेंटला इतक्या का रागावता? ते चुन्यापेक्षा मजबूत असतं.

मजबूत असतं, दुखणं तेच आहे.

इथला दगड ‘त्युफो’. पांढरट पिवळा, मऊ चुनखडी, करवतीने कापता येतो. तो पाणी पितो आणि सोडतो. भिंतीत चढलेली ओल चुन्याच्या दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, बाहेर जाते. दरजा झिजतात, दगड राहतो, आणि दोन पिढ्यांनी पुन्हा चुना भरायचा, एवढा सरळ व्यवहार. काही दशकांपूर्वी कोणा ठेकेदाराने आमच्या पश्चिमेच्या भिंतीच्या दरजा सिमेंटने भरल्या. ओलीची वाट बंद झाली, ती दगडातून निघू लागली, हिवाळ्यात गोठली. आज त्या भिंतीवर बोटांनी टिचकी मारली तर पोकळ आवाज येतो आणि तळहाताएवढी खपली हातात येते. मागे राहतं ते पिठासारखं. सिमेंटच्या रेषा मात्र शाबूत, मधे दगड चार बोटं आत गेलेला, रिकाम्या चौकटींच्या जाळीसारखी ती भिंत दिसते. छिन्नीने तो सिमेंट काढताना उरलेला दगडही सुटतो, म्हणून दिवसाला जेमतेम एक मीटर काम होतं.

प्रश्न: माझा मुलगा लियाँला नोकरी करतो. त्याला बारा खोल्यांच्या शातोची जाहिरात दिसली, किंमत पॅरिसमधल्या लहान फ्लॅटएवढी. घ्यावा का?

किंमत खरी असू शकते. खेड्यातले शातो स्वस्त का मिळतात ते कळायला मुलाला पावसात तिथे पाठवा. विजेरी घेऊन आधी माळ्यावर चढायला सांगा, दिवाणखाना नंतर बघू दे. वाशांच्या टोकांशी, जिथे ते भिंतीवर टेकतात, तिथे चाकूचं टोक रुतलं तर लाकूड गेलं. भिंतीच्या कडेला कापसासारखी पांढरी बुरशी किंवा विटकरी रंगाची भुकटी दिसली तर ती ‘मेर्यूल’ असू शकते. ती दगडी भिंत ओलांडून पलीकडचं लाकूड खाते. छप्पर स्लेटच्या पाट्यांचं असेल तर आणखी एक गोष्ट सांगते. आंजे शहराजवळच्या त्रेलाझेच्या स्लेटच्या खाणी २०१३ मध्ये बंद झाल्या. लोआरकाठची छपरं शतकानुशतकं त्याच स्लेटची होती, आता पाट्या बहुतेक स्पेनमधून येतात. छपराचा खर्च घराच्या किमतीला गाठू शकतो, हे मनाशी धरूनच भाव करायचा.

मदत मिळते. संरक्षित असेल तर दुरुस्तीला सरकारी अनुदान मिळू शकतं, नोंदीच्या इमारतीला जास्तीत जास्त ४० टक्के. पण ते हक्काने मिळत नाही, द्राकचा पैसा आणि रांग पाहून मिळतं. दुरुस्तीचा खर्च आयकराच्या उत्पन्नातून वजा होतो, पण इमारत किमान १५ वर्षं विकणार नाही अशी हमी द्यावी लागते. आणि पूर्ण खर्च वजा हवा असेल तर लोकांना दार उघडावं लागतं: एप्रिल ते सप्टेंबरमध्ये ५० दिवस, त्यातले २५ सुट्टीचे, किंवा जुलै ते सप्टेंबरमध्ये ४० दिवस. दार बंद ठेवलं तर साधारण निम्मा. मला ही अट फार न्याय्य वाटते. सगळ्यांच्या पैशाने छप्पर शाकारायचं तर सगळ्यांनी ते बघावं.

धीर हवा असेल तर मुलाला व्हिलांद्रीला न्या. १९०६ मध्ये जोआकिम कार्व्हाय्यो या स्पेनमध्ये जन्मलेल्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या अमेरिकन पत्नीने तो शातो घेतला आणि जुन्या पद्धतीच्या बागा पुन्हा उभ्या केल्या. खासगी मालकांची पहिली संघटनाही त्यांनीच १९२४ मध्ये काढली. आणि एकट्याने झेपणार नसेल तर व्हिएन जिल्ह्यातला ला मोत-शांदेनिए बघा. १९३२ च्या आगीनंतर तो उघडा पडला, खोल्यांतून झाडं वर आली. २०१७ मध्ये जगभरच्या २५,००० हून अधिक लोकांनी इंटरनेटवरून वर्गणी काढून तो विकत घेतला.

तरीही मला विचाराल तर, एक वर्ष भाड्याने त्या गावात राहा, मग ठरवा. गावच्या मेयरशी, गवंड्याशी आणि शेजारच्या शेतकऱ्याशी ज्याचं जमत नाही त्याचा शातो टिकत नाही.

प्रश्न: तुम्ही लिहिलंत की कोठाराला संरक्षण नाही. मग त्याचं काय होणार?

हा प्रश्न मी रोज स्वतःला विचारते.

कोठार घरापेक्षा जुनं असावं असा मला संशय होता. आत लाकडाचे दोन रांगांत उभे खांब, वर तुळया, मधे बैलगाडी वळेल एवढी जागा, एखाद्या चर्चसारखं. तीन वर्षांपूर्वी ओकच्या खांबांतून पोकळ बर्म्याने पेन्सिलीएवढ्या कांड्या काढून तपासायला दिल्या. लाकडातली वर्षांची वर्तुळं भागातल्या ज्ञात नमुन्यांशी जुळवली की झाड कधी तोडलं ते कळतं. उत्तर आलं: पंधरावं शतक. म्हणजे बुरुजाच्या बरोबरीचं, त्या मोठ्या खिडक्यांच्या आधीचं. जिल्ह्याच्या दप्तरखान्यात नेपोलियनच्या काळात सुरू झालेल्या जमीन मोजणीचा आमच्या गावचा नकाशा आहे. त्यावरही कोठार आजच्याच जागी, आजच्याच मापाचं आहे.

त्याच हिवाळ्यात वाऱ्याने छपराचा एक कोपरा गेला. कुटुंबाकडे पैसे नव्हते, असंरक्षित असल्यामुळे स्मारकांसाठीचं अनुदानही नव्हतं. कोपऱ्याखालचा खांब दोन पावसाळी ऋतूंत काळा पडला. मी एवढी वर्षं शेजारच्या भिंतीवर चुना भरत होते आणि कोठारासाठी कागद कधी केला नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता कागद झालाय. मालकीणबाई आणि मी मिळून नोंद वाढवण्याचा अर्ज केला, लाकडाचा अहवाल, मोजणीचा नकाशा आणि फोटो जोडून. प्रादेशिक समितीत तज्ज्ञ, लोकप्रतिनिधी आणि संस्थांची माणसं असतात. ते मत देतात आणि प्रीफेक्ट, म्हणजे सरकारचे प्रदेशातले प्रतिनिधी, आदेशावर सही करतात. आम्ही मागितलेल्या ओळीत आता ‘कोठार संपूर्ण’ आणि ‘तबेल्याच्या दर्शनी भिंती व छपरं’ हे शब्द आहेत. नकार आला तर दुसरा रस्ता फाँदास्यों द्यु पात्रिमोआन या १९९६ पासूनच्या संस्थेचा. गावाकडच्या, स्मारक नसलेल्या पण रस्त्यावरून दिसणाऱ्या जुन्या इमारतींना ती आपलं मानचिन्ह देते, आणि त्यावर करसवलत मिळू शकते. आमचं कोठार रस्त्यावरून दिसतं.

गेल्या शनिवारी सुताराने काळ्या पडलेल्या खांबाला दोन टेकू लावले आणि कोपऱ्यावर आम्ही नवी ताडपत्री ओढली. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवार-रविवारी फ्रान्सभर वारसा दिन असतात, दारं उघडी असतात. यंदा आम्ही पाहुण्यांना आधी कोठारात नेणार आहोत, मग घरात.